बॅन्जोच्या शेजारी

भिशी लागली चौदा हजारांची
तेव्हा एस्तेर म्हणाली, "फ्रीज, नाहीतर..."
आणि थांबली. माझी बोटं
पोळपाटावर आधीच ठेका धरून होती.

छापखान्यात दिवसभर नोटांचे ताव तपासतो मी,
कुठे शाई फिसकटली, कुठे आकडा कलला.
चौदा हजार म्हणजे तिथे एक शिंक.
इथे मेन रोडवर मात्र चांदोरकर
त्या आकड्याकडे असे बघतात
जसा डॉक्टर जुन्या खोकल्याकडे.

"वाजवणार काय?"
ब्लूग्रास.
"म्हणजे?"
म्हणजे भजनी मंडळासारखं गोल उभं राहायचं,
बॅन्जो, फिडल, मॅन्डोलिन,
वीज लागत नाही, कुणी कुणासाठी थांबत नाही.
"बॅन्जो? वरातीतला?"
तो नाही काका, तो टाइपरायटरच्या किल्ल्यांचा.
हा चामडं ताणलेला.
पण शेजाऱ्याला झोपू न देण्यात
दोघे सख्खे भाऊ.

रविवारी गंगापूर धरणाकडे
द्राक्षांच्या शेडमध्ये आम्ही क्रेट उलटे करून बसतो.
वामन पगारे सातपूरला लेथवर असतो,
बॅन्जोवरही त्याची बोटं लोखंडच कापतात.
माझी चर्चमधली जुनी गिटार त्याच्या शेजारी
एसटीच्या काचेपलीकडचा माणूस:
ओठ हलतात एवढंच.

पहिली निळी, चकचकीत, बाजूला बटणं.
"स्टेजला लावली की बघा!"
स्टेज नाही काका, क्रेट आहेत.
दुसरी कमरेला बारीक. बैठकीत गोड बोलेल,
पण जत्रेत हरवेल ही.
तिसरी आडव्या खांद्यांची, मोठ्या पोटाची,
कोपऱ्यात, धूळ खात.

मोबाईलचा टॉर्च मारला भोकाच्या काठावर.
लाकडाच्या रेघा वरून आत उतरतात का?
उतरल्या तर फळी खरी,
नाहीतर प्लायवूडवर चिकटवलेला पापुद्रा.
नोट उजेडात धरून तार शोधावी
तसा वाकलो.
उतरल्या.

मग एक डोळा मिटून मान पाहिली,
सुतार फळीची कड बघतो तशी.
मग टिचकी.
भांडी बाजारात आई हंड्याला टिचकी मारायची,
नाद विरेपर्यंत भाव विचारायची नाही.
मी भाव आधीच विचारून बसलो होतो:
सोळा.

पाठ प्लायची, बाजू प्लायच्या.
पुढच्या फळीला खाली एक चीर,
आतून पट्ट्या मारून सांधलेली.
कुणीतरी नेली होती, परत केली.

वामनला फोन लावला.
शिफ्ट सुटल्यावर तो बॅन्जो घेऊन आला,
नखांत ग्रीस तशीच.
"वाजव," म्हणाला, आणि सुटला.
निळी बुडाली. बारीक कमरेची
दोन ओळींत बुडाली.
तिसरी जिंकली नाही,
पण राहिली.
त्याच्या प्रत्येक दोन ठिणग्यांच्या मध्ये
तिचा एक धप्प, एक झण्ण,
जसं ओसरीवर कुणीतरी पाट टेकवतंय.
चांदोरकरांनी उठून पंखा बंद केला.

"चौदा द्या. चीर आहे म्हणून."
कॅपो घाला ना वरून.
"चीर तिला आहे, साहेब.
कॅपो दिला तर मला पडेल."

घरी एस्तेरने चिरेवरून बोट फिरवलं.
"याचे कमी केले ना?"
दोन हजार.
"मग बरं," म्हणाली,
आणि दूध पातेल्यातल्या पाण्यात ठेवायला गेली.

फेब्रुवारीत बागेतच दोन दिवसांचा मेळा.
दुपारी ऊन चढलं तशा महागड्या गिटारी
मखमलीच्या पेट्यांत गेल्या.
माझी खांबाला टेकून, अंगावर माती,
कामावरच्या पोरांनीही एकेक तार छेडून पाहिलेली.

संध्याकाळी वर्तुळ जमलं, वामन पेटला,
आणि ऐन भरात रेहाना तडवीने
फिडलवरची हनुवटी न उचलता
माझ्याकडे एकदा पाहिलं.
ऐकू येत होतो मी.

त्या नादात कॉर्ड चुकला.
तोही सगळ्यांना
ऐकू आला.